काय दाबलंस?

मामाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डब्याचं झाकण उघडत होते. "मनू, लॅपटॉप लागत नाहीये गं. काळा पडदा येतो, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभर वर जातात आणि मग सगळं तिथंच थांबतं." माझ्या एका हातात डबा, खांदा आणि कानाच्या मध्ये फोन, दोन वाजता मीटिंग, आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे, "काय दाबलंस?" पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "दाबलं असेल गं काहीतरी चुकीचं. आता आठवत नाही बघ. सॉरी हं." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्याने मला सायकल शिकवली, तो मला सॉरी म्हणाला. मी म्हणलं बघते संध्याकाळी येऊन, फोन ठेवला, जेवले, मीटिंगही झाली, पण ते सॉरी काही मनातून जाईना.

कारण त्याने काहीच चुकीचं दाबलं नव्हतं.

गुरुवार होता, पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जायचा दिवस. पुण्यात राहणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको. सकाळी साडेदहाच्या सुमारास त्यांच्या सोसायटीची लाईट गेली ती साडेबाराला आली, आणि जाताना नेमकं लॅपटॉपवर अपडेट चालू होतं. अपडेटला हो कोणी म्हणायला सांगितलं? मी. जाड स्केचपेनने कागदावर लिहून स्क्रीनच्या वरच्या कडेला मीच चिकटवलंय, 'अपडेट आलं की हो म्हण, पासवर्ड टाक, संपेपर्यंत हात लावू नको.' त्याने अक्षरशः तेवढंच केलं. आणि लॅपटॉपची बॅटरी दिवाळीपासून मेलेली, चार्जरची पिन जरा हलली तरी मशीन बंद, हे मला पक्कं माहीत होतं, दर भेटीत "पुढच्या वेळी येताना नवीन बॅटरी आणते" म्हणत मी सात महिने काढले होते. हे सगळं त्या संध्याकाळी राजाराम पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर एकेक करून समोर आलं. खाली नदीत गाळाचा वास, पुढे रिक्षा, मागे हॉर्न, आणि डोक्यात तेच, काय दाबलंस, काय दाबलंस.

मामा शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होता. हा शब्द आता कोणी फारसा वापरत नाही. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, एकेक उचलून स्टिक नावाच्या पट्टीत लावायचे, ओळ भरली की गॅलीत, म्हणजे लांबट ट्रेत, सरकवायची, पानं झाली की ती चौकटीत आवळून तो फर्मा मशीनवर द्यायचा. अक्षरं उलटी, ओळ उजवी-डावी फिरलेली, आणि तो ती आपण पेपर वाचतो तशी वाचायचा. लहानपणी सुट्टीत मी डबा द्यायला जायचे तेव्हा आत शिरताच शाई आणि रॉकेलचा मिळून एक वास यायचा, ट्रेडल मशीनचा धडक-धडक आवाज, आणि त्या आवाजाच्या खाली, लक्ष दिलं तरच ऐकू येणारा, खिळा स्टिकला लागल्याचा बारीक टिक. मामाची नजर हस्तलिखितावर आणि हात केसकडे, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीकडे, न बघता. केसमध्ये शेकडो घरं, प्रत्येक घरात एक अक्षर, जोडाक्षरांची घरं वेगळी, आणि त्याच्या बोटांना सगळे पत्ते पाठ. देवनागरीचे खिळे इतके की टिळकांनीसुद्धा ते कमी कसे करता येतील यावर डोकं लावलं होतं, हे मला शाळेत नाही, मामाकडून कळलं.

संध्याकाळी घरात शिरले तर मामीने चहा टाकलेला आणि मामा डायनिंग टेबलाशी, लॅपटॉपपासून जरा लांब खुर्ची सरकवून बसलेला. लॅपटॉपवर मामीने उशीचा अभ्रा घातला होता. धूळ बसू नये म्हणून रोजच घालते, पण त्या दिवशी तो अभ्रा बघून मला कसंतरीच झालं. मी चालू केला. कर्नल पॅनिक, म्हणजे या लॅपटॉपवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल, सुरू होता होताच अडकलेला. रूट फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मुख्य मांडणी, माउंट करता, म्हणजे जोडून घेता येत नाही, अननोन ब्लॉक शून्य, शून्य. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना माहीत असेल, शब्द भयंकर असले तरी बऱ्याचदा भानगड छोटी असते. नवीन कर्नल येऊन बसतो, पण बूट होताना त्याच्या सोबत लागणारी सुरुवातीची छोटी फाइलसिस्टिम तयार व्हायच्या आतच वीज जाते, मग कर्नल उठतो आणि त्याला घराचं दारच सापडत नाही. उपाय साधा. चालू करताना एस्केप दाबून कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा ग्रबचा मेनू आणायचा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जायचं, मागचा जुना कर्नल निवडायचा. मी निवडला. मामा माझ्या खांद्यावरून बघत होता, बोलत काहीच नव्हता.

जुना कर्नल उठला आणि दुसऱ्याच गोष्टीवर अडकला. फाइलसिस्टिममध्ये विसंगती आहे, ती तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, एफएससीके, हाताने चालवा. आणि इथे मी जे केलं ते आजही आठवलं की वाईट वाटतं. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करून सगळ्या फाइली बाहेर काढायच्या, डिस्कची तब्येत बघायची आणि मग दुरुस्तीला हात घालायचा, हा क्रम मला माहीत आहे, दुसऱ्यांना मी तो सांगत असते. पण मामा मागे उभा होता, मला लवकरात लवकर ते मशीन चालू करून दाखवायचं होतं, आणि मी तिथल्या तिथे एफएससीके चालवलं, सगळ्या प्रश्नांना आधीच हो म्हणून. ओळी वर सरकत राहिल्या. अमुक आयनोड, म्हणजे फाइलची आतली नोंद, बेवारस, लॉस्ट प्लस फाउंडमध्ये जोडू का, हो. तमुक आयनोड, हो. हो, हो, हो. मध्येच डिस्क एक आवाज करायला लागली, पालीच्या चुकचुकण्यासारखा, थांबून थांबून, आणि प्रत्येक आवाजानंतर पडद्यावर रीड एरर. तेव्हा मी हात काढला.

मामाने हळूच विचारलं, "माझं लिहिलेलं आहे का गं त्यात?"

हे लिहिलेलं म्हणजे काय ते सांगायला हवं. लॅपटॉप २०१२ सालचा, माझाच जुना, चार जीबी रॅम, ३२० जीबीची फिरणारी डिस्क. १४ जानेवारी २०२० ला, संक्रांतीच्या तोंडावर, विंडोज सेव्हनचा सपोर्ट संपला आणि हे मशीन भंगारात देऊ का म्हणून मी विचार करत होते. पण लिनक्सची मला जुनी सवय होती, २००८ मध्ये उबंटूची सीडी नुसता पत्ता कळवला की पोस्टाने फुकट घरी यायची, तसलं एक पाकीट मलाही आलं होतं आणि ते हातात धरल्यावर कोणीतरी अनोळखी माणसाने खाऊ पाठवल्यासारखं वाटलं होतं. तर त्या लॅपटॉपवर मिंट नावाचं लिनक्स टाकलं, एक्सएफसीई या साध्या डेस्कटॉपवालं, हलकं, आणि फेब्रुवारीत मामाला दिला, यूट्यूबवर भीमसेन ऐकेल म्हणून. मार्चमध्ये सगळंच बंद झालं. घरात कोंडलेला मामा एक दिवस फोनवर म्हणाला, यात मराठी जुळवता येतं का? टाइप करता येतं का असं नाही, जुळवता. मी त्याला फोनवरूनच इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या मांडणीचा, कीबोर्ड चालू करायला लावला. मला वाटलं होतं महिना जाईल. मी स्वतः इंग्रजी स्पेलिंग करून मराठी लिहिणारी, मला इनस्क्रिप्ट कधी जमलं नाही. मामाने चौथ्या दिवशी फोन केला, "अगं ही तर केसच आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क, ख एकाच घरात, वरचा आणि खालचा. ज्याने मांडलंय त्याने विचार केलाय."

मग तो छापखान्याबद्दल लिहायला लागला. रोज एक पान. कोणतं पुस्तक कोणी जुळवलं, कोणता लेखक प्रूफात किती फिरवाफिरव करायचा, शिशाने काळी झालेली बोटं जेवायच्या आधी कशी घासायची, दिवाळी अंकाच्या दिवसांत रात्री छापखान्यातच कसे झोपायचे. मामाचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही, जुळाऱ्याचं नसतंच, मुद्रक म्हणून मालकाचं असतं. त्याने लिहिलंय की १९९१ मध्ये मालकांनी खिळे विकले, वजनावर. शिसं, अँटिमनी, कथील, मिश्रधातूचा भाव लावून पोत्यात भरून टेम्पोत. ते वाचताना मला फार चमत्कारिक वाटलं होतं, कारण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, २५ तारखेला, हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने लोकांना कळवलं होतं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, फक्त छंद म्हणून. आणि इनस्क्रिप्टची मांडणी ज्या भारतीय मानकात आहे, आयएस १३१९४, तेही १९९१ चंच. शनिवार पेठेतून पोती टेम्पोत चढत होती तेव्हा या बाकीच्या गोष्टी कुठे कुठे चालल्या होत्या, आणि त्या सगळ्या तीस वर्षांनी सिंहगड रोडवरच्या एका डायनिंग टेबलावर येऊन भेटल्या. मामाला याचं विशेष काही नाही. मला आहे.

तर ते लिहिलेलं. पाच वर्षांचं, एकाच फाइलमध्ये, दोनशे चाळीसच्या वर पानं. बॅकअप? पेनड्राइव्हवर घेतलेला होता, पण शेवटचा गणपतीतला. हेही माझंच काम होतं.

मी म्हणलं, "आहे, काढते," आणि लॅपटॉप पिशवीत घालून घरी आणला. रात्री लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू केला. हे मला दर वेळी नवल वाटतं, आतली डिस्क मरायला टेकलेली आणि मशीन मात्र बाहेरच्या बोटभर पेनड्राइव्हवर छान उभं राहतं, वॉलपेपर, घड्याळ, सगळं. आधी डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिच्या तब्येतीचा अहवाल, बघितला. डिस्कमध्ये काही सेक्टर, म्हणजे मजकूर साठवायचे छोटे कप्पे, राखीव ठेवलेले असतात, एखादा खराब झाला की डिस्क गुपचूप त्याच्या जागी राखीवातला एक लावते, कोणाला सांगत नाही. या डिस्कने तीनशेच्या वर असे बदलले होते आणि काही अजून रांगेत होते. म्हणजे लाईट जाणं हे निमित्त. ती बिचारी कधीपासून भागवत आली होती. मग फक्त वाचण्यापुरती माउंट केली, मामाचं डॉक्युमेंट्स उघडलं. नव्हती फाइल. फोटो होते, लाईटबिलांच्या पीडीएफ होत्या, 'छापखाना' नव्हती.

लॉस्ट प्लस फाउंड या फोल्डरचं नाव मी शेकडो वेळा पाहिलं असेल, त्यात डोकावायची वेळ कधी आली नव्हती. आत चौदा फाइली. नावं नाहीत, नुसती हॅशची खूण आणि पुढे सात आकडी आयनोड नंबर. फाइलसिस्टिमचं असं असतं की फाइलचं नाव एका जागी, म्हणजे फोल्डरच्या यादीत, आणि आतला मजकूर दुसऱ्या जागी. यादीच फाटली तर मजकूर शाबूत असून त्याला हाक मारायला नाव राहत नाही. अशांना एफएससीके उचलून इथे आणून ठेवतं. मी एकेकीला विचारत गेले तू कोण. लॉग, लॉग, ब्राउझरची काहीतरी, चित्र, लॉग. अकरावी म्हणाली ओपनडॉक्युमेंट टेक्स्ट, म्हणजे लिबरऑफिसमध्ये लिहिलेलं काहीतरी. कॉपी करताना डिस्क दोनदा चुकचुकली आणि माझा श्वास अडकला. दीड वाजला होता. उघडली, पहिली ओळ आली, 'आमचा छापखाना बोळाच्या आत होता, त्यामुळे उजेड दुपारीच यायचा.' मी ती ओळ मोठ्याने वाचली. नवरा आतून म्हणाला, काय झालं? मी म्हणलं काही नाही, सापडला.

शेवटचं पान नव्हतं. गुरुवारी सकाळी लिहिलेलं, सेव्ह न केलेलं.

शनिवारी तपकीर गल्लीत गेले. ती गल्ली मला मनापासून आवडते, दोन माणसं आणि एक हातगाडी एवढीच रुंदी, वर वायरींची जाळी, दुकानांत ट्रेमध्ये रिमोट, चार्जर, पिना, केबली डाळी-तांदळासारख्या मांडलेल्या. बॅटरीच्या दुकानातल्या मुलाने जुनी बॅटरी हातात घेऊन मागचा नंबर बघितला, काही न बोलता पोटमाळ्यावर चढला आणि पाच मिनिटांनी नवीन घेऊन उतरला. तेरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपची! शेजारच्या दुकानातून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, घेतली. तिथला म्हातारा दुकानदार म्हणाला, एवढ्या जुन्याला कशाला घालताय ताई, नवीन घ्या. मी म्हणलं, ज्याचा आहे त्याच्या बोटांना या कीबोर्डची सवय आहे. त्याने मान डोलावली आणि बारीक स्क्रूची एक पुडी तशीच दिली.

घरी मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर जमला होता, गोधडीतल्या जुन्या कापसासारखा, एका तुकड्यात निघाला. जुनी डिस्क काढली, हातात चांगलीच जड लागते, आतमध्ये खरोखर फिरणारी तबकडी असते ना. एसएसडी त्यापुढे रिकाम्या काडेपेटीएवढी हलकी. मिंट बावीस टाकलं. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं, 'आ'ने संपणारं, या बावीसचं विल्मा. इन्स्टॉलर विचारतो, डिस्क पुसून टाकू का? डिस्क कोरी करकरीत, पुसायला त्यावर काही नव्हतंच, तरी माझं बोट थांबलं. मामाने एका पानावर लिहिलंय की छपाई झाली की फर्मा रॉकेलने धुवायचा आणि मग पान सोडायचं, एकेक खिळा परत आपापल्या घरात. आदल्या दिवशी रात्रीपर्यंत बसून जुळवलेलं पान सकाळी स्वतःच्या हाताने मोडायचं, कारण खिळे मोजके आणि पुढचं पान वाट बघत असतं. नवीन पोरांना याचं वाईट वाटायचं, असंही त्याने लिहिलंय. स्वतःला वाटायचं की नाही ते लिहिलेलं नाही.

पंधरा मिनिटांत इन्स्टॉल झालं. मग खरं काम. त्याचा वॉलपेपर, पर्वतीचा, तोच. आयकॉन त्याच जागी. अक्षरं मोठी. कीबोर्डच्या यादीत मराठी शोधलं, तिथे उच्चाराप्रमाणे टाइप करायचं कागप आहे, इनस्क्रिप्ट आहे, इनस्क्रिप्ट लावलं. फॉन्ट लोहित, रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने मुक्त केलेला, ज्यावर त्यांच्या इथल्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. तारखेच्या नावाने रोज रात्री आपोआप एसडी कार्डावर कॉपी होईल अशी सोय केली, लिबरऑफिसला दर दोन मिनिटांनी सेव्ह करायला सांगितलं. आणि अपडेटचा तो कागद काढून टाकला. नवीन काही चिकटवलं नाही, अपडेट मीच येऊन करणार.

रविवारी मामाने लॅपटॉप उघडून पहिल्यांदा जे लिहिलं ते 'आचार्यांना आचाऱ्यांना'. हे त्याचं ठरलेलं आहे. छापखान्यात या दुसऱ्या र्‍याचा खिळा वेगळा असायचा आणि नवीन जुळाऱ्याची परीक्षा यावरच व्हायची, नाहीतर पंगतीत आचार्यांऐवजी आचारी बसायचे. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'जे'च्या कळीवर र आहे, तीच शिफ्टबरोबर दाबली की नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. त्याने न बघता दाबलं आणि पडद्यावर तो अर्धगोल र नीट य ला जाऊन चिकटला. "आहे जागेवर," म्हणाला.

तेव्हा मी सांगितलं. सगळं. कागद मी लिहिला होता, बॅटरी मी आणली नव्हती, बॅकअप मी घेतला नव्हता, घाईघाईने दुरुस्ती मी केली, तू काहीही चुकीचं दाबलं नव्हतंस, आणि फोनवर तसं विचारलं ते मला टोचतंय. बोलताना माझा आवाज जरा फाटला. बँकेत, रेशनला, दवाखान्याच्या काउंटरवर, सगळीकडे त्याच्या वयाच्या माणसांना हाच प्रश्न पहिला येतो, मी स्वतः शेजारी उभं राहून ऐकलाय, काका काय दाबलंत, आजी काय दाबलंत. आणि ती माणसं आपापल्या बोटांकडे बघतात.

मामाने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. छापखान्यात चुकांचा हिशोब चोख असायचा, हे त्याच्या पानांत आहे. जुळाऱ्याने चूक केली तर दुरुस्ती जुळाऱ्याच्या वेळात, पैसे नाहीत. लेखकाने ऐनवेळी मजकूर फिरवला तर त्याची नोंद वेगळी, त्याचे पैसे वेगळे.

"म्हणजे लेखकाची दुरुस्ती," तो म्हणाला. "जुळाऱ्याची नव्हे."

"नव्हे."

"मग ठीक आहे." आणि पुढे सरकून बसला. मामीने भाजलेल्या शेंगदाण्यांची ताटली दोघांच्या मध्ये ठेवली आणि अभ्रा घडी करून आत नेला. गेलेलं पान कशाबद्दल होतं ते मी विचारलं, तर म्हणाला, "खिळे विकले त्या दिवसाचं होतं. आधी एकदा लिहिलं होतं, पण त्यात मी टेम्पोपर्यंतच आलो होतो. टेम्पो गेल्यावरचं या वेळी लिहिलं होतं." परत लिहिशील का विचारायचा मला धीर झाला नाही.

परवा गुरुवारी अकराला फोन वाजला. मी जागेवरून उठून बाहेर जिन्यात गेले आणि आधी नुसतं "बोल मामा" म्हणलं.

"मनू, साडेदहाला लाईट गेली. हे चालूच आहे."

"नवीन बॅटरी आहे ना. दोन-अडीच तास जाईल."

"दोन तास," तो म्हणाला, आणि मागे कळांचा आवाज आला, थांबून थांबून, एकेक. "मग ठेव फोन. टेम्पो आत्ताच बोळातून बाहेर पडलाय."